डावा दंड, कोपराच्या वर चार बोटं

४ ऑगस्ट
पोहोचले एकदाची. टॅनर्स बेंड गावापासून चाळीस किलोमीटर कच्चा रस्ता आणि मग ही बंद पडलेली लाकडाची गिरणी. व्हॅनमधून उतरताच देवदाराचा असा वास आला की सगळा शीण गेला. राहायला चाकांवरची खोली दिली आहे. पलंग चांगला आहे, खिडकीतून नदी दिसते, आणखी काय हवं?

'सालकाढ्या' हा सिनेमा मी पंधरा वर्षांची असताना बोटांच्या फटीतून पाहिला होता. ओंडक्यांची साल सोलायच्या सुरीने माणसं सोलणारा तो तोंडावर गोणपाट ओढलेला खुनी पुढे कित्येक महिने माझ्या स्वप्नात यायचा. तोच सिनेमा आता आजच्या पोरांसाठी नव्याने करायचा आहे, आणि त्याची कंटिन्यूइटी माझ्याकडे. काल जखमेतलं रक्त जिथवर ओघळलं, तिथवरच ते आज ओघळलं पाहिजे. एकवीस वर्षं हेच करते आहे. माझ्या वहीत आजवर कुणाला चूक सापडलेली नाही.

गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून फोन जमा करून घेतले. नेहमीचंच. नायिका ब्रायनी वीस वर्षांची आहे, सस्कॅचवानच्या शेतावरून आलेली, पहिलाच सिनेमा. तिची-माझी उंची आणि खांदे अगदी सारखे निघाले, म्हणून दिवे लावताना तिच्या जागी मलाच उभं केलं. ती म्हणाली, हेस्टर, मी मेले तर उरलेला सिनेमा तू उरकून टाक. खूप हसलो.

६ ऑगस्ट
रंगभूषेचा ऑरव्हिल म्हातारा मूळ सिनेमालाही होता. त्याचं खोटं रक्त अजून तेच: मक्याचा पाक, लाल रंग, थोडं चॉकलेट. उकाड्यात ते आंबतं, बोटांना चिकटतं आणि त्यावर गांधीलमाश्या तुटून पडतात. आज जेवणाच्या टेबलावर बटाट्याच्या सॅलडशेजारी रबरी हात पडला होता. दिवेवाल्याने त्यातलं रक्त पावाने निपटून खाल्लं. माझं जेवण तिथेच संपलं.

सालकाढ्याचं काम करणारा माणूस जेवतानाही तोंडावरचं गोणपाट काढत नाही. घास खालून आत सरकवतो. त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. दिग्दर्शक क्रॉल म्हणतो की ब्रायनीची भीती ताजी राहिली पाहिजे. राहो बापडी. मला त्या गोणपाटाआडच्या चावण्याच्या ओल्या आवाजाचीच शिसारी येते.

९ ऑगस्ट
क्रॉलने शहरातल्या कॉलेजच्या पोरांना चित्रित झालेले पहिले तुकडे दाखवले. पोरं हसली. हे काय, सरबत आहे का, असं विचारलं म्हणे. संध्याकाळी क्रॉलने ऑरव्हिलला व्हॅनमध्ये बसवून परत पाठवलं. जाताना म्हातारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, बाई, तुझी वही इथून पुढे जरा ढिली ठेव. मला रागच आला. इतकी वर्षं या कामात काढली आणि हा सल्ला देतो.

११ ऑगस्ट
रंगभूषा आता सालकाढ्याच करतो, स्वतःच्या खोलीत, दार लावून. हात बरा आहे त्याचा, पण आज पंचाईत झाली. ऑरव्हिलची जखम डाव्या दंडावर कोपराच्या वर चार बोटं होती, याने तीन बोटांवर रंगवली. मी सगळ्यांदेखत सुनावलं, चार म्हणजे चार, रोज नवीन जखम काढत बसलात तर मी घरी जाते. क्रॉल म्हणाला, हेस्टरचं बरोबर आहे, रोज नवीन काढायची गरज नाही, उद्यापासून तिच्या वहीप्रमाणे. ब्रायनीचा चेहरा का पडला, कळलं नाही.

१२ ऑगस्ट
तंतोतंत चार बोटं. वहीत दोनदा बरोबरची खूण केली.
ब्रायनी जेवली नाही.

१४ ऑगस्ट
गांधीलमाश्या ब्रायनीकडे फिरकत नाहीत. पाकाच्या बादलीवर आहेत, माझ्या बाहीवर आहेत. तिच्या दंडावर मात्र निळ्या-हिरव्या माश्या बसतात. मेलेल्या जनावरावर बसतात त्या.

शॉट संपल्यावर ओलं फडकं घेऊन मी तिचा दंड पुसायला गेले. जखम पुसली जाईना. कडा सुजलेल्या, आत पिवळं, आणि वास असा की मी गिरणीमागे जाऊन ओकले. सगळ्यांनी पाहिलं. मग सगळे आपापल्या ताटाकडे बघत जेवत राहिले.

माझी चार बोटं ती.

१५ ऑगस्ट
ब्रायनीला विचारलं. म्हणाली, मी हो म्हटलंय, हेस्टर. माझ्या जागेवर दोनशे मुली टपून बसल्यात, तू मध्ये पडू नकोस. मग हळूच विचारलं, पाठीचा प्रसंग तुझ्या वहीत केवढा आहे गं?

जुन्या सिनेमात तो नायिकेची पाठ सोलतो. मीच त्या सिनेमाची जुनी प्रत थांबवून थांबवून मोजली होती. खांद्यापासून कंबरेपर्यंत. रुंदी, खोली, सगळं. पान बत्तीस. परवा तो प्रसंग आहे.

क्रॉलकडे गेले. तो पावाला लोणी लावत होता. म्हणाला, आता पोरं हसणार नाहीत, तुझ्या मापांशिवाय हे जमलंच नसतं. त्याची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली.

व्हॅन वीस तारखेशिवाय येणार नाही. फोन त्याच्या कपाटात.

१६ ऑगस्ट
पान बत्तीस जाळलं. त्याआधी जुनी प्रतही नदीत टाकली. मापाशिवाय क्रॉल ब्रायनीला हात लावणार नाही, मापाबाबत तो माझ्याइतकाच हट्टी आहे.
ब्रायनीला सांगितलं. तिने माझ्या खांद्यांकडे पाहिलं.

१७ ऑगस्ट, सकाळ
क्रॉल येऊन गेला. रागावला नाही. म्हणाला, हरकत नाही, माप पुन्हा काढू. ब्रायनीवर एकदाच करता येईल, तेव्हा आधी कुणावर तरी करून बघायला हवं.

कडी लावली आहे. पलंग दाराला लावला.

ब्रायनी बाहेर. दार उघड म्हणते. दिवे लागलेत, तू फक्त उभी राहा, पहिल्या दिवशी राहिली होतीस तशी. रडते आहे. पण त्यांच्याबरोबरच आली —

सांगते आहे त्यांना. हिचे खांदे माझ्याएवढेच आहेत, माप चुकणार नाही.

गोणपाटाआडचा तो ओला आवाज. दाराला तोंड लावून —

कडी —

माप कुणीतरी लिहायला हवं. डावा खांदा. वरून तीन बोटं. रुंदी —