इंटरकूलरपुढची पितळी पाटी

भांडगाव, गुरुवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच हाय. सासरे, म्हंजी आप्पा, आज माझ्या गॅरेजात गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "जावईबापू, तुमचा इंटरकूलर बसवला आन् माझ्या ट्रकचं पिकअपच गेलं." माझा इंटरकूलर! टर्बोनं तापवलेली हवा गार करून इंजिनात सोडायची, एवढंच त्याचं काम. त्याला समोरनं वारा लागतो, हे बजावलं व्हतं का न्हाई मी? व्हतं.

बघतो तर पुढच्या जाळीवर ही भलीमोठी पितळी पाटी, भोवती गोंडे. वारा शिरणार कुठनं, माझ्या डोक्यातनं?

"आप्पा, पाटी काढा."

"नातीचं नाव हाय त्यावर. ट्रकला तोंड नको व्हय?"

शेवटी मीच पाना घेऊन काढली. कुरकुंभच्या चढाला ट्रक असा पळाला की बास. आप्पा शेजारी पाटी मांडीवर घेऊन, उपरण्यानं पुसत बसलेले. कौतुकाचा एक शब्द न्हाई!

आन् घरी आल्या आल्या आप्पांनी माझ्या लेकीला काय सांगितलं? "तुझ्या पप्पांनी तुझी पाटी उतरवली गं."

पोरगी जेवलीच न्हाई. ट्रक पळाला, हे सांगायचं मात्र इसरले.