डुण्डुभाविषयी खुलासा

८ सप्टेंबर, रविवार
छापून आलं! 'पाण्यातल्या सापाला भिऊ नका'. लेखकानं दलदल एकदाही पाहिलेली नाही, हे फक्त लेखकाला ठाऊक. आधार काय, तर पाठशाळेत घोकलेल्या संस्कृत कोशातला डुण्डुभ. पाण्यात राहणारा, निर्विष, बिचारा. आपली पाणदिवड. शेवटचं वाक्य विशेष साधलंय: 'जो पाण्यात, तो निरुपद्रवी.' मोठ्यानं वाचून पाहिलं. दोनदा.

सावनेरहून यमुताईचा फोन. माझं छापलेलं अक्षर न् अक्षर खरं मानणारी भूतलावरची ही एकमेव व्यक्ती, आणि ती सख्खी बहीण! लेख कापून ठेवला म्हणाली.

संध्याकाळी दुसरा फोन, तोही सावनेरचाच. प्रेमिला मेश्राम, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. "सर, तुमच्या कोशातल्या नागाला पोहता येत नाही का?" शनिवारी तलावावर बोलावलंय. आवाज गोड होता, म्हणून जास्त लागलं.

१४ सप्टेंबर, शनिवार
धरमपेठेतून गमबूट घेतले. एक नंबर मोठे. चालताना टाळ्या वाजतात – इतर कोणी वाजवत नाही.

तलावाच्या मागच्या अंगाला गुडघाभर गाळ आणि बेशरमाची झुडपं. मॅडमचे नियम: आधी काठी, मग पाय. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. वाटेत जनावर असेल तर लांब थांबायचं, वाट त्याची. मी यावर दोन विनोद केले. कोणी हसलं नाही. आम्ही दोघंच होतो.

मग पाण्यावरून एक रेघ सरळ आमच्याकडे येताना दिसली. डुण्डुभ! मी तज्ज्ञाच्या थाटात पुढे झालो, हात लांब केला, मॅडमना फोटो काढायला सांगितलं. डुण्डुभ चिखलावर आला आणि त्यानं फणा काढला.

"हलू नका. त्याला जाऊ द्या, मग आपण."

सापाला दूर जायची विनंती करणारा श्लोक मला मुंजीपासून पाठ आहे. पहिला शब्दही आठवला नाही. बेशरमाची फांदी धरून उभा राहिलो; भावकीतली असल्यानं तिनं आधार दिला. नागानं मला बराच वेळ निरखलं, मग फणा मिटून तो गवतात गेला. वाचक असता तर इतका वेळही दिला नसता.

परतताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "मी होते म्हणून थांबलात. तुमचा लेख वाचून जो पाण्यात हात घालेल, त्याच्याजवळ कोण असेल?"

१५ सप्टेंबर
झोप नाही. खुलासा द्यायलाच हवा.

१७ सप्टेंबर, मंगळवार
खुलासा लिहिला. पहिला खर्डा होता: 'मी चुकलो.' कागदावर फारच उघडाबोडका दिसत होता बिचारा. मग त्याला एकेक वस्त्र चढवत गेलो. शेवटी: 'जलवासी सर्पांच्या निर्विषत्वाविषयीचे आमचे प्रतिपादन सापवाद ग्राह्य धरावे.' संपादक म्हणाले, वजनदार आहे. अर्थ विचारला नाही. 'सापवाद' म्हणजे अपवाद धरून, हे मीही सांगितलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
खुलासा आला, श्रद्धांजलीच्या जाहिरातींखाली. मॅडमचा निरोप: 'वाचलं. कोण चुकलं ते कळलं नाही.' म्हणजे साधलं तर! थोडी लाज वाटली. थोडीच.

ताईचाही फोन. तिच्या मते पेपरवाल्यांनी तेच दोनदा छापलं, म्हणजे गोष्ट पक्कीच असणार. तिला उलगडून सांगणार होतो. पण इतक्या कौतुकानं बोलत होती – उद्या सांगू.

२३ सप्टेंबर
राहिलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार
सावनेरच्या बसमध्ये. अक्षर हलतंय.

सकाळी ताईच्या हौदात साप निघाला. शेजारी काठ्या घेऊन धावले, तिनं मारू दिला नाही. हातानं उचलून गुंडात, म्हणजे पाण्याच्या हंड्यात, ठेवला, वर परात. मला दाखवायला! काळा, अंगावर बारीक पांढऱ्या कड्या. मण्यार. चावला नाही म्हणते. मॅडम म्हणतात, मण्यारीचा दंश कधी कळतही नाही. माझा फोन जाताच त्या तिकडे धावल्या, ताईला दवाखान्यात घेऊन बसल्या आहेत.

फोनवर म्हणालो, ताई, मी चुकलो.

"मंग तसंच लिवाचं नं गा."