मेहुण्यांची सुटका आणि माझं अध्यक्षपद

३ मार्च
आजपासून रोजनिशी. चळवळीचा इतिहास पुढे कोणीतरी वेडावाकडा लिहिणारच, त्यापेक्षा आपली खासगी नोंद असलेली बरी. बायकोच्या मोठ्या भावाला तिकडे मायदेशी तुरुंगात टाकलंय. शाळामास्तर माणूस. गुन्हा काय, तर गावच्या पेपरात सरकारला चार खरे शब्द सुनावले. खटला नाही, तारीख नाही. आणि आपण इकडे परदेशात हीटर लावून बसायचं? छे! सुटका समिती स्थापन. अध्यक्ष मी. दुसरं कोणी तयारच नव्हतं, असं समितीतले दंतवैद्य सगळ्यांना सांगत सुटलेत. मत्सर, दुसरं काय.

७ मार्च, सकाळ
झोपमोड. तिकडचं तुरुंगाचं ऑफिस उघडतं तेव्हा इथे ऐन साखरझोप असते. नेमकी तेव्हाच बायको स्वयंपाकघरात फोनवर. विषय काय, तर चष्मा! अटकेच्या धक्काबुक्कीत मेहुण्यांचा चष्मा फुटला. नवा करून पाठवलाय, तो ऑफिसात पडून आहे. ही रोज विचारते, दादाला चष्मा दिला का. कारकून रोज म्हणतो, साहेब जागेवर नाहीत. मी तिला समजावलं, की प्रश्न मानवी हक्कांचा आहे, चष्म्याचा नाही. ती म्हणाली, जामिनाच्या अर्जावर दादाची सही लागते आणि दादा न वाचता सही करणार नाही. हयातभर पोरांना त्याने तेच शिकवलंय.
घरच्यांना व्यापक चित्र दिसत नाही.

१२ मार्च
समितीची मीटिंग, आमच्याच हॉलमध्ये. चौकात निदर्शनं करायचं ठरलं. मग बॅनर. अध्यक्ष मध्ये उभा राहणार हे उघड आहे. दंतवैद्य म्हणाले, मीही मध्येच. मग बाकीचेही मध्येच म्हणाले. टोकं धरायला कोणी नाही. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

१८ मार्च
पोस्टरसाठी बायकोने मेहुण्यांचा फोटो दिला. फळ्यासमोर एकटे उभे. स्वच्छ आहे, पण चळवळ दिसत नाही. मी दुसरा निवडला, माझा हात त्यांच्या खांद्यावर असलेला. लेक म्हणाली, बाबा, यात मामाचे डोळे मिटलेत. म्हटलं, चिंतन.

२५ मार्च
पोस्टर आले. छापणाऱ्याने चौकट बसवताना मेहुणे कापले. डावा कान तेवढा उरलाय. मध्ये मी, आणि खाली ठळक अक्षरांत 'यांना मुक्त करा'. लेक हसून हसून सोफ्यावरून खाली. परत छापायला वेळ नाही. शेवटी चेहरा हे प्रतीक असतं. आणि दंतवैद्यसुद्धा म्हणाले, की तुमचा चेहरा पहिल्यापासूनच पीडित आहे.

३० मार्च
निदर्शनं. प्रतिसाद भरघोस. लेकीने सात माणसं मोजली. विचारलं, बसस्टॉपवरची धरलीस का? म्हणाली, ती धरूनच सात. एका आजींनी पोस्टर पाहिलं, मला पाहिलं आणि माझे दोन्ही हात धरले. सुटलात, बरं झालं, म्हणाल्या. त्यांचं मन मोडवेना. म्हटलं, आत फार हाल झाले हो.
घरी ही हकीकत सांगणार होतो. पण बायको ओट्यापाशी रडत होती. न दिसल्यामुळे दादा जिन्यावरून पडला, कपाळाला टाके पडले, असं वकिलाने कळवलं. मला वाईट वाटलं. फारच वाटलं. उद्यापासून पहाटे तिच्याबरोबर उठायचं. म्हणजे उठायचंच.

३१ मार्च
उठलो नाही. कालचा शीण.

९ एप्रिल
लाक्षणिक उपोषण, सकाळपासून. चहा हे पाणीच. बिस्किट चहात बुडालं की तेही पाणीच. दुपारी उपोषण यशस्वीपणे सोडलं.
बायकोने मेहुण्यांचे जुने विद्यार्थी शोधून काढलेत, देशोदेशी पांगलेले. एकेकाला एकेक वार वाटून दिला. आता तुरुंगात रोज वेगळा माणूस फोन करून अदबीने विचारतो, आमच्या मास्तरांना चष्मा मिळाला का? दिशाहीन कार्यक्रम. ना घोषणा, ना फोटो.

१७ एप्रिल
कारकून वैतागला. बाई, जेवायला बसलो तरी चष्माच दिसतो, म्हणाला, आणि स्वतः कोठडीत जाऊन देऊन आला. बायकोने आज कितीतरी दिवसांनी रेडिओ लावला. निदर्शनांचा दबाव हळूहळू पोचतोच.

२० एप्रिल
मोठी सभा ठरली, पुढच्या महिन्यात. भाषण तयार. प्रत्येक परिच्छेद 'जोवर ते गजाआड आहेत' असा सुरू होतो. आरशासमोर म्हणून पाहिलं. काटा आला.

२८ एप्रिल
मेहुणे सुटले! जामीन झाला. बायको फोन हातात धरून जमिनीवरच बसली आणि हसतारडता येईना तिला. मीही रडलो, खोटं कशाला लिहू?
सभा मात्र तोंडावर आलीय. आठवडाभराने सुटले असते तर काय बिघडलं असतं? ...असं मनातसुद्धा आणायला नको होतं.

३० एप्रिल
मेहुण्यांशी व्हिडिओ कॉल. वाळलेत, कपाळावर व्रण, नाकावर नवा चष्मा. म्हणाले, चष्मा आला, अर्ज दोनदा वाचला, मग सही केली. मी विचारलं, आमची चळवळ आतपर्यंत पोचली का? म्हणाले, पोचली ना! चष्मा मिळाला त्याच दिवशी वकिलाने पोस्टर दाखवलं. जावईबापू, तुम्हाला कधी धरलं याची इतकी काळजी लागली, की दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. कारकुनाकडेही तुमची चौकशी केली.
लेक खोलीबाहेर पळाली. नेटवर्क खराब आहे असं सांगून मीही उठलो.

६ मे
सभा रद्द. पण मेहुण्यांचे दोन सोबती अजून आतच आहेत. त्यातल्या एकाला दम्याचा पंप मिळत नाही. फोन पुन्हा सुरू. बायकोने मला गुरुवार दिला. न मागता! नेतृत्वाची दखल घ्यावीच लागते.

८ मे, गुरुवार
पहाटे उठलो. खरोखर उठलो. फोन लावला. मी सुटका समितीचा अध्यक्ष बोलतोय, अशी सुरुवात केली. कारकून म्हणाला, साहेब जागेवर नाहीत. मी मानवी हक्कांवर आलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, घरात बाई आहेत का? असतील तर त्यांना द्या फोन.
दिला. ती कारकुनाच्या पोरीच्या परीक्षेची चौकशी करून मग पंपावर आली. मी चहा टाकला. साखर जास्त पडली. तिने एका हाताने कप घेतला, फोन कानाला तसाच, आणि माझ्या कपातल्या चमच्याची खणखण ऐकून मला खुणेने सांगितलं, जरा हळू ढवळा.