आपली पोर ठाण्यात हाय

प्रिय दर्शूस,

हे पत्र घेऊन आबा तुझ्या दारात उभे असतील. आधी त्यांना आत घे, पाणी दे आणि खुर्चीवर बसव, गुडघा दुमडून खाली बसवू नको. काय झालं, कशाला आलात असं त्यांना विचारत बसू नको. ते सांगणार नाहीत, सांगायला लागले तर मधेच रडतील, आणि तुझ्यासमोर रडले म्हणून पुन्हा महिनाभर तोंड लपवत फिरतील. म्हणून मी लिहितेय. फोनवर आता काही विचारत जाऊ नको असं तूच म्हणालीस. तेव्हापासून आपण दोघी जेवलीस का, झोपलीस का एवढंच बोलतो आणि मग दोन्हीकडं नुसती शांतता. त्या शांततेत कुणी तिसरंच कान लावून बसलंय असं मला वाटत राहतं. खरं असेल, नसेल, पण वाटतं खरं.

घरचं म्हणशील तर बरं आहे. कांद्याची रोपं लावून झाली. आबांच्या गुडघ्यासाठी डॉक्टरकडं चला म्हटलं की आमच्या सुभेदारसाहेबांचा पारा चढतो, बर्फात उभा राहिलोय मी, म्हणतात. जसा काही तो सगळा बर्फ याच गुडघ्यानं वितळवला. तू पोलिसात लागलीस तेव्हा यांनी लोणंदच्या चौकात लावलेला तो भलामोठा फ्लेक्स आठवतो का? 'केरबा सुभेदार यांची कन्या' ही अक्षरं तुझ्या नावापेक्षा मोठी होती. तो आता गोठ्याच्या पत्र्याखाली बांधलाय, पत्रा गळतो म्हणून. खाली म्हशी आणि वर वर्दीतलं तुझं तोंड. पूर्वी बघून हसू यायचं. आता मी धार काढताना वर बघत नाही.

दर्शू, मला भीती वाटते. सरळच लिहिते, उगाच धीटपणाचा आव आणून काय करू? रस्त्यावर मोटारसायकल थांबली की हातातलं काम तसंच राहतं. ती पुढं जाईपर्यंत मी भिंतीला लागून उभी. बाजाराला जात नाही, पाय दुखतात म्हणून सांगते. शेजारची सृष्टी परवा म्हणाली, "काकू, लय वाळलायसा. काय हुतंय का?" काय सांगू तिला? तू मागच्या सुट्टीला विसरून गेलेला खाकी शर्ट खुंटीवर होता. भरदुपारी रानातून आत आले आणि त्या शर्टाला बघून दचकले. पोटच्या लेकीच्या शर्टाला. मग घडी करून ट्रंकेत ठेवला.

बिराप्पाचं नाव त्या दिवसापासून आपल्यापैकी कुणी काढलेलं नाही. आज मी काढते. आटपाडीकडचा तो मेंढपाळ तू जन्मायच्या आधीपासून आपल्या रानात मेंढरं बसवायला यायचा. बाजरी निघाली की त्याचा तळ पडायचा, मेंढरं रानात बसायची, रानाला खत व्हायचं आणि आपण त्याला धान्य घालायचो. गावात सगळ्यांनाच त्याची मेंढरं हवी असायची, पण पहिला मान आपल्या रानाचा, आणि तो तुझ्यामुळं. तुला अजून नीट बोलताही येत नव्हतं तेव्हा तू त्याचं कोकरू फ्रॉकखाली लपवून घरात आणलंस आणि काही केल्या देईनास. दुसरा असता तर ओरडला असता. हा गडी ओट्यावर बसून राहिला, तुला झोप लागेपर्यंत. त्यानंतर दर वर्षी आला की आधी विचारायचा, "वैनी, चोर कुटं हाय?" तू पोलिसात लागलीस हे कळल्यावर पोट धरधरून हसला होता. "आवं, चोरच पोलिस झाला की!"

तो सांगलीला मेंढरांचं औषध आणायला गेला होता. तिकडं विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या, अनोळखी धनगर दिसला म्हणून तुमच्या ठाण्यानं उचलला. हे पेपरात आलं. त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला, हेही पेपरात आलं. पेपरात न आलेलं तू मला त्या संध्याकाळी फोनवर सांगितलंस, हुंदके देत, अर्धं तुटलेलं. मागच्या खोलीत मोठे साहेब स्वतः पट्टा घेऊन उभे होते. तुला पाणी आणायला सांगितलं. तू आत गेलीस तर भिंतीशी बसलेल्या त्या माणसानं मान वर केली आणि तुला ओळखलं. "केरबा सुभेदाराची पोर न्हवं तू?" म्हणाला. मग साहेबांकडं बघून म्हणाला, "आता भ्या न्हाई मला. आपली पोर ठाण्यात हाय." साहेब हसले. तुला बाहेर जा म्हणाले. तू गेलीस. ठाण्यातला कॅमेरा नेमका त्या दिवशी बिघडलेला होता. तू बाहेर गेलीस म्हणून मी तुला कधी एका शब्दानं बोलणार नाही. तिथं मी असते तर मीही गेले असते.

पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही गं. ते काही एकट्या बिराप्पाचं नाही, आपल्या सगळ्या गावाचं आहे. कुणाची शेळी गेली, कुणाच्या पोरीची कुणी वाट अडवली की लोक आधी आपल्या ओट्यावर येतात. ठाण्याची पायरी चढायला घाबरणाऱ्या बायका तुझ्या नावावर तिथं जाऊन आल्या. आपली पोर ठाण्यात हाय, भ्यायचं काय कारण? मीही सांगत होते तसं, चांगली मान ताठ करून. आता कुणी म्हणालं की मी बोलणं दुसरीकडं वळवते.

यंदा बाजरी निघाल्यावर मेंढरं घेऊन त्याचा धाकटा भाऊ सिद्धू एकटाच आला. त्यानं सांगलीत तक्रार दिली होती, न्यायाधीशांची चौकशी बसली होती. ओट्यावर बसून मला म्हणाला, "वैनी, ताई तिकडंच हाय न्हवं? तिला इचारा की जरा. कुणी ना कुणी बगितलंच आसंल." तू त्याच ठाण्यात आहेस हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि आत निघून आले.

त्यानंतर ती दोन माणसं आली. साध्या कपड्यात होती, प्रियदर्शनी मॅडमच्या ठाण्यातले आहोत म्हणाली. झालं, यांना आभाळ ठेंगणं. लेकीच्या खात्यातली माणसं दारात! चहा झाला, पोहे झाले, फौजेतले फोटो दाखवून झाले. त्यातल्या एकानं सहज विचारावं तसं विचारलं, मेंढरं सध्या कुणाच्या रानात बसतात. दर्शू, मेंढपाळाला पत्ता नसतो. आज या रानात, उद्या त्या. तो कुठं आहे हे ज्याच्या रानात तो आहे त्यालाच ठाऊक, आणि ते कुणी परक्याला सांगत नाही. पण सरकारी माणूस यांना कधी परका वाटलाच नाही. आयुष्यभर हा माणूस एकच शिकला, वरून विचारलं की खरं उत्तर द्यायचं. यांनी कौतुकानं सांगितलं, आज आमच्यात हायती, उद्या तात्याबाच्या रानात. मग दुसऱ्यानं विचारलं, मॅडम सुट्टीला कशा येतात, एसटीनं की गाडीवर? एकट्याच येतात का? मी आत बशा विसळत होते, हातातली बशी तशीच टाकून उठले. मी बाहेर येईपर्यंत यांनी तेही सांगून टाकलं होतं. फाट्यावर उतरती आन् कालव्याच्या रस्त्यानं चालत येती. लहानपणापासनं पायाची सवय हाय तिला.

दुसऱ्या दिवशी तात्याबाच्या रानातून सिद्धूला नेलं. विचारपूस करायची म्हणाले. परत आला तेव्हा अंगावर मार कुठं दिसत नव्हता, पण त्यानं तक्रार मागं घेतली होती. बोलणी झालेली रानं तशीच सोडून मेंढरं हाकत निघाला. जाताना ओट्यापर्यंत आला, वर चढला नाही. यांना एवढंच म्हणाला, "आबा, तुमीच सांगितलंसा व्हय?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रागावला असता तर यांना बरं वाटलं असतं. तेव्हापासून हे ओट्यावर बसत नाहीत. जेवता जेवता मधेच थांबतात. "वर्दीतली माणसं हुती गं ती," म्हणतात. मी म्हणते, नव्हती हो वर्दीत, साधे कपडे होते. तर म्हणतात, "तरी पण." पहिल्यांदा मी खूप चिडले, तोंडाला येईल ते बोलले. आता बोलत नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवून म्हातारा झाला, तेच असं निघालं, त्या माणसाला मी आणखी काय बोलू?

मग मी विचार करत बसले, आता उरलं कोण. सिद्धू गप्प झाला. तुझ्या ठाण्यातले बाकीचे बोलणार नाहीत, त्यांनाही लेकरंबाळं आहेत. उरलीस तू. आणि हे तुझ्या साहेबांना माझ्या आधी कळलंय, नाहीतर एसटी की गाडी हे विचारायला कशाला माणसं धाडतील? खरं सांगू, इतके दिवस मी देवापुढं एकच मागत होते, माझ्या लेकीची वाचा बंद राहू दे. बिराप्पाला न्याय मिळो न मिळो, माझी पोर वाचू दे. आई आहे मी, मला आधी तूच दिसणार. पण त्या प्रश्नानंतर माझं डोकं उलटं फिरलं. तू गप्प राहिलीस म्हणून ते तुला सोडणार नाहीत. आज गप्प आहे, उद्या बोलली तर, ही धास्ती त्यांना रोज राहणार. जोवर ती गोष्ट तुझ्या एकटीच्या पोटात आहे तोवर तुला काही झालं की ती गोष्टही मिटली. कालव्याच्या रस्त्यावर एखादा ट्रक, आणि मग पेपरात अपघात.

म्हणून मी गेले, दर्शू. सिद्धूनं तक्रार मागं घेतली तरी न्यायाधीशांची चौकशी थांबली नव्हती, तीत कुणाला काही सांगायचं असेल त्यानं हजर राहावं अशी जाहिरात पेपरात आली होती. डोळे तपासायला साताऱ्याला चाललोय असं गावात सांगून आम्ही दोघं परवा सांगलीला आलो आणि न्यायाधीशबाईंसमोर उभे राहिलो. तू मला जे सांगितलंस ते सगळं मी सांगितलं, पाण्यापासून त्याच्या शेवटच्या वाक्यापर्यंत. यांनी त्या दोन माणसांचं सांगितलं आणि स्वतः काय बोलून बसलो तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, ऐकलेल्यावर भागत नाही, तुमच्या मुलीला शपथेवर बोलवावं लागेल. मी म्हटलं, बोलवा. तुझी माधवनगरची खोली तिथून किती जवळ, पण तुझ्याकडं आले नाही. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. आता रागव, बोलू नको माझ्याशी, नोकरी घालवलीस म्हण. सगळं सोसेन. पण आता ती गोष्ट तुझ्या एकटीची राहिली नाही. ती कागदावर आहे, आमच्या दोघांच्या सह्या आहेत, तुला गाठून ती मिटणार नाही. तुझी नोटीस ठाण्याच्या पत्त्यावर येणार, म्हणजे उद्या-परवा साहेबांच्याच टेबलावर. ती त्यांच्या तोंडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावी म्हणून आबांना पाठवलंय. साक्ष होईपर्यंत ते तुझ्याकडंच राहतील, ड्यूटीला निघालीस की बरोबर येतील आणि ठाण्याबाहेर बाकावर बसतील. लाज वाटली तरी त्यांना हाकलू नको. शपथेवर काय सांगायचं ते तुझं तू ठरव. आई खोटं बोलली म्हणालीस तरी मी समजून घेईन. फक्त धीर आला की सांगेन, असं म्हणत थांबू नको. मला तो अजून आलेला नाही. मी भीत भीतच सांगून आले.

तुझीच भित्री,
आई