निळ्या घुमटाखाली

३ फेब्रुवारी

— दूध उतू गेलं होतं, म्हणून मी शेगडी पुसत होते. त्या सकाळचं एवढंच आठवतं. हे दारात बूट घालत होते. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, ‘राजधानीतला मोठा घुमट आतून रंगवायचाय. आकाशाला हात लावून येतो.’ मी म्हटलं, ‘लावा, पण येताना नखं धुवून या.’ रंगाच्या नखांनीच जेवायला बसायचे ना!

तिथेच परांचीवरून पडले. पेटी बंद आली. आणणारी माणसं उघडू नका म्हणाली.

आज हे सगळं वर आलं, कारण युवक मंडळाची शैक्षणिक सहल राजधानीला निघाली आहे. तो घुमटही दाखवणार आहेत. टकळीला जायचंय. बापानेच पोरीचं हे नाव पाडलं, तोंड मिटत नाही म्हणून.

४ फेब्रुवारी

नाही म्हटलं. पोर भरल्या ताटावरून उठली.

६ फेब्रुवारी

जाऊबाई आल्या. ‘पोरीला कोंडून ठेवलंस म्हणून भावोजी परत येणार आहेत का?’ बाईच्या जिभेला हाड नाही. आतून टकळी ओरडली, ‘काकू, अजून बोला!’ मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

मग जवळ येऊन बसली. ‘आई, बाबांनी रंगवलेलं मला एकदा बघायचंय गं.’

जा म्हटलं.

९ फेब्रुवारी

पहाटे बसवर सोडलं. मंडळाच्या सगळ्या पोरांचे सदरे मीच शिवलेत, तरी हिची कॉलर तीनदा सारखी केली. सहल नेणारे सर म्हणाले, ‘ताई, मला सगळं ठाऊक आहे. काळजी करू नका.’ बस सुटताना ती खिडकीतून वाकली. ‘आई, तिथे रडू आलं तर?’

‘चारचौघांत रडायचं नाही. सगळे करतील तसं करायचं.’

१० फेब्रुवारी

घर खायला उठलंय. मशीनवर बसले, बाही उलटी लावली. उसवली.

मी डबा घेऊन कामावर जायचे तिथे, रंग सांडू नये म्हणून हे जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरायचे. त्यांवरच मी वाचायला शिकले. रंगाच्या थेंबांमधून उरलेली अक्षरं जुळवत. अडखळले की परांचीवरूनच विचारायचे, ‘मास्तरीणबाई, गाडी कुठे अडली?’

१३ फेब्रुवारी

आली. बॅग कोपऱ्यात टाकली नि भिंतीकडे तोंड करून झोपली. दमली असेल.

१४ फेब्रुवारी

अजून बोलत नाही. टकळी — आणि बोलत नाही!

संध्याकाळी सर आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. ‘ताई, माझं चुकलं.’ काय चुकलं ते सांगेनात. पाणीही न घेता गेले.

१५ फेब्रुवारी

भांडी घासताना, पाठमोरीच बोलली.

सगळ्यांना घुमटाखाली उभं केलं होतं. वर निळंच निळं. माहिती सांगणारी बाई म्हणाली, ‘एवढं मोठं काम, पण एकालाही साधं खरचटलं नाही!’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही. मग त्यांना आठवलं असावं. हात तसेच राहिले.

‘आणि तू?’

घासलेलंच ताट पुन्हा घासत राहिली.

‘तूच म्हणाली होतीस ना, सगळे करतील तसं करायचं. मी वाजवल्या, आई.’

मी तिचे ओले हात पदरात धरले. पेटी आली तेव्हा मीही असंच केलं होतं — उघडू नका म्हणाले, नाही उघडली.

१७ फेब्रुवारी

काल पहिल्या बसने टकळीला घेऊन राजधानीला गेले. घुमटाखाली माणसांत उभ्या राहिलो. मी वर पाहिलं. फार सुंदर रंगवलाय. माहिती सांगणारी बाई तेच म्हणाली. टाळ्या पडायच्या आत मी हात वर केला. म्हटलं, ‘एक माणूस पडला होता. माझा नवरा.’

पुढचं सगळं टकळी बोलली.