अंगठीला लावलेला मध

रविवार, दिवे लागल्यावर

अजून राग उतरला नाय. विहीणबाई नातवाला बघायला आल्या आणि आम्ही हरसूलहून आणलेल्या मधाच्या बाटलीत आपली सोन्याची अंगठी बुडवून त्याच्या तोंडाशी नेली. लेकरू चार महिन्यांचं! मी मनगट धरलं, अंगठीच काढून घेतली.

त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीला असाच चाटवला होता. मेली का ती?"

तो मध मी खोकल्याला आल्याच्या रसात घेते, सून तोंडाला फासते, भेगाळल्या टाचांनाबी लावतो. पण वर्षाच्या आतल्या लेकराला थेंब नाय, जिवावर बेततं, असं डॉक्टरीणबाईनं बजावलेलं. तेव्हा सून माझ्याकडंच बघून म्हणाली, "ऐकलं ना आई?" म्हणजे अडाणी मी. आज हिचीच आई चाटवत होती, तर हिची मान मोबाईलमधून वर येईना!

विहीणबाई चहा न घेता गेल्या. लेक म्हणतो, "आई, फोन करून माफी माग." कशाची? पोराच्या तोंडात मध जाऊ दिला नाय त्याची?

अंगठी माझ्याकडंच राहिलीय. न्यायला येतीलच. चहा करीन, अंगठी घासून, धुऊन हातात देईन. माफी नाय.