भांडण पाहिजे, साक्षीदारासकट

तीर्थस्वरूप साडूभाऊंच्या चरणी,

धाकट्या साडूचा उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकलो असतो, पण कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) तुमची प्रकृती ठणठणीत आहे असं मी धरून चाललो आहे, कारण ती बिघडली असती तर तुम्ही कळवलं असतं, आणि तुम्ही कळवलेली गोष्ट फोन न उचलताही ऐकू येते. उभा जन्म जहाजाच्या इंजिनखोलीत काढल्यावर माणसाचा आवाज तसा होणारच. ताईंचं पित्त कसं आहे? त्या हल्ली कुंड्यांमधल्या झाडांशी बोलतात असं हिच्याकडून समजलं. उत्तम. आपलं बोलणं मधे न तोडता ऐकणारं घरात कुणीतरी असावंच. बाकी पत्रास कारण असं काही विशेष नाही. बऱ्याच दिवसांत खुशाली लिहिली नव्हती, म्हणून बसलो.

आमच्या घरमालकांना घर विकायचं आहे आणि महिनाअखेर आम्ही जागा सोडायची आहे, हे तुमच्या कानावर आलंच असेल. तशी ती सोडायला मी एका पायावर तयार होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि त्यात हिचा गुडघा. भाजीची पिशवी घेऊन वर येताना ही पहिल्या जिन्यावर मला बोलते, दुसऱ्यावर घरमालकांना, तिसऱ्यावर गुडघ्याला. दारात पोचेपर्यंत बोलायला कुणी उरत नाही, मग पुन्हा मला. त्याचं मला काही नाही. पण गेल्या काही महिन्यांत तिनं खाली उतरायचंच सोडलं होतं. दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघायची. तुमच्या मेहुणीला तुम्ही ओळखता. ती रस्त्यावर असली की रस्ता तिच्याकडे बघतो. तिनं असं खिडकीत बसावं हे मला बघवेना.

अशात हिनंच ती सहकारी वसाहत शोधून काढली. बसकी घरं, मधे सगळ्यांचं मिळून एक अंगण, कपडे धुण्याची सामायिक खोली, सुतारकामाची वेगळी खोली (तिथली करवत कुणी कधी वापरायची यावर एक स्वतंत्र उपसमिती आहे), आणि कोपऱ्यात तळमजल्याचं एक रिकामं घर. त्याचं मागचं दार थेट अंगणात उघडतं. मधे एकही पायरी नाही. हिनं ते दार उघडलं, लावलं, परत उघडलं, आणि सरळ चालत अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा असा फुललेला मी लग्नातही पाहिला नव्हता. (ही तक्रार नव्हे. तक्रारी ऐकणं हा माझा धंदा आहे, करणं नव्हे.)

पण तिथं पैसे भरले आणि किल्ली घेतली असं चालत नाही. आधी निवड समिती माणूस पारखून घेते. समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त परिचारिका. कुणी समोर आलं की त्यांची नजर आधी दंडाकडे जाते, सुई कुठे टोचता येईल ते बघायला. चिटणीस दातांचे डॉक्टर, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय आहे, उत्तर ऐकायची नाही. आणि तिसरे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना अख्खी वसाहत हरकतआजोबा म्हणते. कुठलाही ठराव आला की त्यांची हरकत असते. त्यांना समितीवर घेण्याचा ठराव आला तेव्हाही होती. मी माझ्या चांगल्या वागणुकीचे दाखले नीट इस्त्री केल्यासारखे घेऊन गेलो होतो. बाईंनी ते न उघडताच परत दिले.

"हे तुमच्या मित्रांचे," त्या म्हणाल्या. "आम्हाला तुमच्याशी भांडलेला माणूस आणून दाखवा."

मला वाटलं, थट्टा आहे. पण तिथला तो रिवाजच आहे, आणि त्यामागचं कारण ऐकलं तर तुम्हालाही पटेल. पूर्वी म्हणे त्यांनी गोडबोली माणसं वेचून वेचून घेतली. त्यातल्या एका गोड माणसाला अंगणातल्या बाकावर शेजारी गप्पा मारतात त्याचा त्रास व्हायचा. तो चकार शब्द बोलला नाही. सगळ्यांना हसून नमस्कार करत राहिला. आणि एका सकाळी बाक होता, पण त्याला पाय नव्हते. (करवतीची उपसमिती तेव्हापासूनची.) त्या दिवसापासून नियम झाला: शेजारी एकत्र राहिले की भांडणार, तेव्हा माणूस गोड कसा वागतो ते बघू नका, भांडतो कसा ते बघा. प्रत्येक अर्जदारानं आपल्याशी खरोखर भांडलेल्या एका माणसाला घेऊन यायचं, आणि त्यानं समितीपुढे सांगायचं की यांचं भांडण कसं असतं, किती चालतं आणि त्यानंतर काय होतं. नवऱ्याला बायको चालत नाही, बायकोला नवरा चालत नाही, आणि दोघांची साक्ष वेगवेगळी.

हिला साक्षीदाराची काय वाण! तिला निवड करायला जड गेलं. शेवटी तिनं आपल्या शिंप्याला नेलं. त्या दोघांचं भांडण माझ्या लग्नाआधीपासूनचं आहे. शिंपी चांगले कपडे घालून आला होता आणि बोलायला इतका उतावीळ की चिटणिसांना प्रश्न पुरा करता आला नाही. म्हणाला, "साहेब, बाई भांडतात, पण मुद्द्यावर. भांडण बाहीचं असलं तर गळ्याला हात घालत नाहीत. आणि तोंडावर सांगतात, माझ्या मागे दुसऱ्या शिंप्याला नाही. दुसऱ्या दिवशी नवं कापड घेऊन हजर." अध्यक्षबाईंचे डोळे भरून आले. हरकतआजोबांनी हरकत नाही असं सांगितलं, जे इतिवृत्तात लाल शाईनं लिहावं लागलं. ही तिथल्या तिथे पास.

मग माझी पाळी. आता माझी नोकरी तुम्हाला ठाऊक आहे. कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कारखान्यात तक्रारीच्या खिडकीत बसतो. यंत्र नाचतं, यंत्र गळतं, यंत्रानं सदरा खाल्ला. लोक येतात ते आवाज चढवूनच, आणि मला पहिल्या दिवशी शिकवलेलं एकच वाक्य मी म्हणतो: "बरोबर आहे तुमचं." ते वाक्य आता माझ्या अंगात इतकं मुरलं आहे की झोपेतही निघतं असं ही सांगते. समितीनं विचारलं, तुमचं शेवटचं भांडण कुणाशी झालं? मी आठवत बसलो. आठवेना. चिटणिसांनी मुद्दाम कुरापत काढून पाहिली. "तुमचे बूट फार भिकार आहेत." मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. "आणि मिशी वाकडी आहे." तेही बरोबरच होतं. शेवटी बाईंनी हिला विचारलं, मग हे चिडले की करतात तरी काय? तुमची मेहुणी खोटं बोलत नाही, हा तिचा एकमेव दोष. म्हणाली, "भांडी लावतात. एकेक करून, अजिबात आवाज न करता. बघून अंगावर काटा येतो." समितीतले तिघेही एकदम अंगणातल्या बाकाकडे बघायला लागले.

तरी त्यांनी मुदत दिली. तेव्हा मी भांडण मिळवायच्या मागे लागलो. साडूभाऊ, बाजारात काय वाटेल ते मिळेल, पण प्रामाणिक माणसाला भांडण मिळत नाही. पहिला प्रयत्न कचेरीत केला. आमच्या साहेबांना सगळ्या कारखान्यादेखत तोंडावर सांगितलं की तुम्हाला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, इतक्या वर्षांत कुणी मला मोकळेपणानं बोललं नव्हतं. आता ते रोज दुपारी डबा घेऊन माझ्या खिडकीत येतात आणि आपल्या लहानपणाबद्दल सांगतात. लहानपण बरंच मोठं होतं.

मग वरच्या मजल्यावरचे शेजारी. ते वेळी-अवेळी कपाटं ओढतात. मी बाह्या सरसावून वर गेलो, दार बडवलं, आणि म्हटलं, हा काय तमाशा आहे? ते बिचारे घामाघूम. म्हणाले, बरोबर आहे तुमचं. (माझं वाक्य, आणि माझ्यावरच!) एकट्याला सरकत नाही हो, जरा एक कोपरा धरता का? आता समोरचा कोपरा धरा म्हणत असताना भांडायचं कसं? धरला. कपाट आलं त्या भिंतीला, आणि कंबर गेली. तिसरा प्रयत्न न्हाव्याकडे. अर्धी दाढी झालेली असताना मी त्याच्या वस्तऱ्याला नावं ठेवली. त्यानं हात थांबवला आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. साडूभाऊ, मी ताबडतोब माफी मागितली. भांडणालाही जागा बघावी लागते.

शेवटी मी पुन्हा समितीपुढे गेलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांना हसू आलं, हे मी पाहिलं. पण नियम तो नियम. घर हिच्या नावावर दिलं आहे. मी 'विचाराधीन' आहे. पुढची बैठक थेट तीन महिन्यांनी. तोवर मला तिथं पाहुणा म्हणून यायची मुभा आहे, अंगणातले दिवे लागेपर्यंत. हिनं घर नाकारायची तयारी दाखवली, आणि तेव्हा मात्र मी चक्क मोठ्यानं म्हटलं की ते दार तू सोडायचं नाहीस. ती म्हणाली, हे जरा समितीपुढे बोलला असतात तर! असो. एक तारखेला ती, शिवणयंत्र आणि मांजर तिकडे जाणार. मांजराची साक्ष शेजारच्या कुत्र्याकडून गृहीत धरली आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवून सध्या कुणाचाच उपयोग नाही.

आपला,
विचाराधीन साडू

ता. क. एक राहिलंच. साक्षीदार बायको किंवा रक्ताचा नातेवाईक नसावा एवढीच अट आहे. साडू चालतो, मी विचारून घेतलं. तुम्ही येऊन आपलं भांडण झालंय म्हणालात तर अध्यक्षबाई खास बैठक बोलावतील. ही म्हणते, खोटं सांगायचं नाही, आधी खरं भांडा. विषय तुम्ही ठरवा. मला सगळे चालतील.

ता. क. २. एक तारखेपासून मला राहायला जागा लागेल. तुमच्या गच्चीवरची खोली मी धरून चाललो आहे. तिथली तुमची हत्यारं हलवून ठेवा. मी हल्ली कर्णा वाजवायला शिकतो आहे, पहाटे आवाज चांगला लागतो. वर्तमानपत्र आधी मला लागेल. तुमची झुलती खुर्चीही. आणि तुमच्या जहाजाच्या गोष्टींपैकी वादळाची मी पुष्कळदा ऐकली आहे. दर वेळी लाटा वाढतात.

ता. क. ३. (हे मी लिहिते आहे.) भाऊजी, नमस्कार. कर्णा खोटा आहे, खोली खरंच हवी आहे. इतकं करून द्यायची नसेल तर पत्रानं सभ्यपणे कळवू नका. इथं या, अध्यक्षबाईंच्या समोर, आणि तुमच्या नेहमीच्या आवाजात ह्यांना नाही म्हणा. मी ह्यांना मागून चिमटा काढेन, म्हणजे तेही बोलतील. ताईला मात्र बरोबर आणू नका. ती मिटवून टाकेल.